ड्रिल बिटवरची तीन अक्षरं आणि फ्रेडरिक टेलर

घरात ड्रिल मशीन असेल तर त्याच्या डब्यातला एक बिट बाहेर काढा. भिंतीचा नको, लोखंडाला भोक पाडायचा घ्या. मशीनमध्ये अडकतो त्या दांड्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतील तर फोनचा कॅमेरा झूम करा. मिलिमीटरमध्ये व्यास लिहिलेला असेल आणि शेजारी एचएसएस. हाय स्पीड स्टील. ऑनलाइन बिट मागवताना हे शब्द आपण शंभरदा वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो.

बिटाचा पिळदार आकार अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सचा. त्याचं पेटंट 1863 चं आहे. पण तो पिळ ज्या पोलादाचा असतो, त्याची गोष्ट वेगळ्या माणसाची आहे. हा माणूस मॅनेजमेंटच्या पुस्तकात भेटतो, हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा असलेला. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. आयुष्याची सव्वीस वर्षं त्याने धातू कापण्याच्या प्रयोगांत घातली, हे मात्र मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. आणि धार समजल्याशिवाय टेलर समजत नाही, असं माझं मत आहे.

श्रीमंताघरचा शिकाऊ कामगार

टेलरचा जन्म 20 मार्च 1856 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागातला. वडील वकील, घरची चांगली श्रीमंती, आई गुलामगिरीविरोधी चळवळीतली. लहानपणी काही वर्षं कुटुंबाबरोबर युरोपात काढली. पोरगा पहिल्यापासून जरा विचित्रच. रात्री वाईट स्वप्नं पडायची, तेव्हा त्याने स्वतःचं निरीक्षण केलं आणि ठरवलं की आपण पाठीवर झोपलो की हे होतं. मग पाठीवर वळताच टोचून जाग यावी असा लाकडी टोकांचा पट्टा बनवून तो बांधून झोपू लागला. त्रास झाला की आधी मोजायचं, मग यंत्र बनवायचं, ही सवय मरेपर्यंत टिकली.

हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो उत्तम गुणांनी पास झाला, पण डोळे आणि डोकेदुखीने इतका हैराण झाला की गेलाच नाही. 1874 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो शिकाऊ म्हणून लागला. आपल्याकडे आयटीआयनंतर पोरं अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागतात, तसंच समजा. फरक इतकाच की याच्या बापाकडे पैसा होता. चार वर्षांत त्याने पॅटर्न बनवणं आणि मशीनवरचं काम शिकून घेतलं. 1878 मध्ये तो मिडव्हेल स्टील या कंपनीत साधा मजूर म्हणून शिरला, तिथून लेथवर गेला, मग लेथवाल्यांचा मुकादम झाला.

आणि इथे भांडण सुरू झालं.

टेलर स्वतः त्याच लेथवर उभा राहिलेला होता. एका दिवसात खरं किती काम होऊ शकतं आणि सगळे मिळून किती करतात, हे त्याला आतून माहीत होतं. कामगार मुद्दाम हळू चालत, आणि त्याला कारण होतं. जास्त माल काढला की मालक नगामागचा दर कापायचे, म्हणजे दुप्पट घाम आणि पगार तेवढाच. मुकादम झाल्यावर टेलरने मात्र काम वाढवायचा हट्ट धरला. दोन-तीन वर्षं युद्धच चाललं. तो दर कापायचा, नवीन पोरं आणून शिकवायचा, तीही जुन्यांना जाऊन मिळायची. मशीनचे भाग अचानक तुटू लागले. टेलरने नियम काढला की भाग कसाही तुटो, दंड मशीनवाल्याने भरायचा. संध्याकाळी रेल्वेच्या रुळांवरून एकटा चालत घरी जाऊ नकोस, कोणीतरी गोळी घालेल, असा सल्ला त्याला मिळाला. तो त्याच वाटेने जात राहिला.

शेवटी तो जिंकला. पण त्याच्याच लिहिण्यावरून दिसतं की ते जिंकणं त्याला गोड लागलं नाही. दिवसभर ज्यांच्यात राहायचं त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत राग पाहायचा, हे जगणं नकोसं होतं. त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला, तो पुढच्या सगळ्याचा उगम आहे. भांडण होतं, कारण एका दिवसाचं योग्य काम किती हे कोणालाच नक्की माहीत नाही. मालक अंदाजाने बोलतो, कामगार लपवतो. मग ते मोजूनच काढलं तर?

सहा महिन्यांचं काम, सव्वीस वर्षं

मिडव्हेलचे अध्यक्ष विल्यम सेलर्स स्वतः मोठे मशीन बनवणारे. त्यांनी 1880 च्या सुमारास टेलरला प्रयोगांना परवानगी दिली. प्रश्न साधे होते. लेथवर काम लावलं की माणसाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, धातू किती वेगाने फिरवायचा आणि हत्यार दर फेऱ्याला किती पुढे सरकवायचं. प्रत्येक टर्नर हे अनुभवाने ठरवायचा. कानाने आवाज ऐकायचा, कीस कसा निघतो ते बघायचा.

टेलरला वाटलं, सहा महिन्यांत उत्तर मिळेल. त्याने 66 इंची, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटरचं, उभं बोअरिंग मशीन घेतलं. त्यावर रेल्वे इंजिनाच्या चाकांच्या कडक पोलादी धावा चढवल्या आणि रोज त्यांचा कीस पाडत बसला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. पुढच्या सव्वीस वर्षांत कंपन्या बदलल्या, मशीनं बदलली, प्रयोग चालूच राहिले. नोंदवलेले प्रयोग तीस ते पन्नास हजारांच्या घरात, कीस झालेला धातू 8 लाख पौंडांवर म्हणजे सुमारे 360 टन, आणि खर्च दीड ते दोन लाख डॉलर, तेही त्या काळचे.

सुरुवातीच्या शोधांपैकी एक ऐकायला अगदी किरकोळ वाटतो. हत्यार जिथे धातू सोलतं, बरोब्बर तिथे पाण्याची जाड धार सोडली तर 30 ते 40 टक्के जास्त वेगाने काम करता येतं. मिडव्हेलमध्ये 1884 मध्ये नवं मशीन शॉप बांधलं, तेव्हा प्रत्येक मशीनखाली लोखंडी परात बसवून पाणी परत गोळा करायची सोय केली. गंज धरू नये म्हणून पाण्यात सोडा. ही गोष्ट लपवली नव्हती, तरी पंधरा वर्षांत एखाद-दुसऱ्याच कारखान्याने तिची नक्कल केली.

तुम्ही घरी लोखंडी पट्टीला भोक पाडताना दोन थेंब तेल टाकता का? बहुतेक जण टाकत नाहीत. मीही टाकत नव्हतो. एका रविवारी स्टीलच्या रॅकला 8 मिलिमीटरचं भोक पाडताना फुल स्पीडवर दाबून धरलं, किंचाळल्यासारखा आवाज आला, धूर निघाला आणि बिटाचं टोक गोळा झालं. पट्टीवर फक्त एक चकचकीत खड्डा. वर तो खड्डा इतका कडक झाला की नवा बिटही त्यावर घसरू लागला.

माझं काय चुकलं, हे टेलरच्या सूत्रात लिहिलेलं आहे. इंजिनिअरिंगवाल्यांना ते आजही टूल लाइफच्या धड्यात शिकवतात. वेग वाढला की धार लवकर जाते, हे कोणीही सांगेल. किती लवकर, ते टेलरने काढलं. हाय स्पीड स्टीलसाठी धारेचं आयुष्य वेगाच्या आठव्या घाताने कमी होतं. वेग फक्त 10 टक्के वाढवला तर 60 मिनिटं टिकणारी धार 28 मिनिटांवर येते. 25 टक्के वाढवला तर 10 मिनिटांवर.

आता घरचं मशीन बघा. पूर्ण बटण दाबलं की ते मिनिटाला 2800-3000 फेरे फिरतं. साध्या लोखंडासाठी एचएसएस बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला 25-30 मीटर असावा लागतो. बिट जाड असेल तितकी त्याची कड एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून जाड बिट हळू फिरवायचा. लक्षात ठेवायला सोपं गणित म्हणजे 8000 भागिले बिटाचा व्यास. 4 मिलिमीटरला 2000 फेरे, 8 ला 1000, 10 ला 800. स्टेनलेस स्टीलला 8000 च्या जागी 3000 धरा. मी 8 मिलिमीटरचा बिट 2800 वर फिरवत होतो, जवळजवळ तिप्पट वेगाने. आठवा घात इतक्या लांब ताणायचा नसतो, पण धूर का निघाला ते कळायला पुरेसं आहे.

पाणी पाजणं आणि पाणी उतरणं

आपल्याकडे विळ्या-कुऱ्हाडीला धार टिकावी म्हणून लोहार पाणी पाजतो. पोलाद लाल करायचं आणि पाण्यात बुडवायचं. जगभर हीच पद्धत होती आणि तिचा एक नियम पक्का होता. ठरावीक लालीपेक्षा जास्त तापवलं की पोलाद बिघडलं. काम करताना किंवा धार लावताना हत्यार निळं पडलं तरी धारेचं पाणी उतरलं, आता ती मऊ झाली.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेटने 1868 मध्ये टंगस्टन घातलेलं पोलाद आणलं. ते पाण्यात न बुडवताही हवेत कडक व्हायचं, बरंच चांगलं होतं. पण तापवण्याचा नियम त्यालाही लावला जायचा.

1898 मध्ये टेलर पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टील कंपनीत आला. तिथल्या फोरमन लोकांना आपण निवडलेलं पोलाद किती भारी आहे ते दाखवायला त्याने प्रात्यक्षिक ठेवलं, आणि सगळ्यांसमोर ती हत्यारं फसली. जुन्यांपेक्षाही वाईट चालली. कोणीही म्हणालं असतं की लोहाराने जास्त तापवली, विषय संपला. टेलर आणि धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट यांनी मात्र किती तापवलं तर किती बिघडतं, हेच पायरीपायरीने मोजायला घेतलं. 850 अंश सेल्सिअसच्या आसपास हत्यार बिघडू लागलं, जुना नियम बरोबर निघाला. तरी ते थांबले नाहीत. 940 अंशांच्या पुढे उलटंच झालं. जितकं जास्त तापवावं तितकं हत्यार सुधारत गेलं, अगदी टोक वितळायला येईपर्यंत. टंगस्टन आणि क्रोमियम असलेल्या पोलादाचा हा गुण इतकी वर्षं कोणाला दिसला नव्हता, कारण बिघडायला लागलं की सगळेच हात काढून घेत.

असं तयार झालेलं हत्यार काम करता करता मंद लाल झालं तरी कापत राहायचं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात बेथलेहेमने लेथ लावून ते चालवून दाखवलं. टोक तापून लाल, कीस निळा पडून उडतोय, आणि युरोपचे इंजिनिअर तोंडात बोट घालून उभे. जुन्या पोलादाच्या दुप्पट ते चौपट वेग. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये टेलर गोल्फही खेळला आणि चौथा आला. टेनिसमध्ये तर तो 1881 च्या पहिल्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत दुहेरीचा विजेता होता. असो.

तुमच्या बिटावरच्या तीन अक्षरांचा अर्थ हाच. आजच्या एचएसएसमध्ये टंगस्टनबरोबर मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमही असतं, पण गुण तोच. ग्राइंडरवर धार लावताना टोक जरा निळसर झालं तर साध्या पोलादाचं पाणी उतरतं, एचएसएस मात्र सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. म्हणून लाल होईपर्यंत घासायचं, असं नाही. लाल झालेला बिट पाण्यात बुडवला तर बारीक तडे जातात. थोडं घासा, बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा, पुन्हा घासा.

धार लावायचा हक्क कोणाचा

टेलरच्या प्रयोगांतून निघालेली एक गोष्ट पोलादाइतकी गाजली नाही, पण कामगारांना तीच जास्त झोंबली. पूर्वी प्रत्येक टर्नर आपलं हत्यार आपणच घासायचा. कोणाचं टोक बारीक, कोणाचं गोल, कोणाचा कोन बापाकडून शिकलेला. तो त्याचा हातखंडा होता आणि तीच त्याची किंमत होती. टेलरने मोजलं आणि म्हणाला की आकार ठरलेले हवेत, आणि ते माणसाच्या नजरेवर सोडायचे नाहीत. हत्यार टूलरूममध्ये, खास ग्राइंडिंग मशीनवर, ठरलेल्या कोनात घासलं जाईल. टर्नरने ते फक्त घेऊन जायचं. वेग किती, पुढे किती सरकवायचं, तेही ऑफिसमधून कागदावर लिहून येईल. बारा वेगवेगळ्या गोष्टींचा हिशेब करायला कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने सरकपट्टी बनवली, तेव्हाचं अ‍ॅपच म्हणा. इतकं गणित कोणताही टर्नर डोक्यात करू शकत नाही, हा टेलरचा मुद्दा खराच होता. पण जे ज्ञान कालपर्यंत कामगाराच्या हातात होतं, ते आता ऑफिसच्या कपाटात गेलं, हेही तितकंच खरं.

कोनाला इतकं महत्त्व का, हे ड्रिल बिट हातात धरून चटकन कळतं. बिटाच्या टोकाला दोन धारा असतात. नेहमीच्या बिटात त्यांच्यामधला कोन 118 अंश असतो, स्टेनलेससारख्या कडक धातूच्या बिटात 135. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या असायला हव्यात. एक लांब राहिली की सगळं काम तीच करते, टोक मधोमध राहत नाही आणि 8 च्या बिटाने साडेआठचं भोक पडतं. धारेच्या मागचा भाग थोडा उतरता हवा, दहा-पंधरा अंश. तो उतार नसेल तर धार धातूला टेकतच नाही, मागची पाठ घासत राहते. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. बिट चकचकीत घासलेला असतो आणि कापत काहीच नाही.

ग्राइंडरवर बिट चाकाच्या तोंडाशी 59 अंशांत, म्हणजे 118 च्या निम्म्यात, धरायचा. धार आडवी ठेवून टेकवायची आणि टेकवल्यावर दांडा हळूच खाली न्यायचा, म्हणजे मागचा उतार आपोआप पडतो. बिट अर्धा फिरवून दुसऱ्या बाजूला तेच. फोनवर कोन मोजायचं अ‍ॅप असतं, त्यावर 59 अंशांची रेघ पाहून पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या. पहिले दोन-तीन बिट वाया जातील, म्हणून जुने घ्या. नीट लागलेली धार ओळखायची खूण टर्नर सांगतात तीच, दोन्ही खाचांतून सारखे लांब पिळदार कीस निघायला हवेत. भुसा निघत असेल किंवा किंचाळी ऐकू येत असेल तर थांबा.

डोळ्यांवर गॉगल हवाच. हातमोजे मात्र फिरत्या बिटाजवळ घालू नका, कापड अडकलं तर बोट घेऊनच जातं. पत्रा हाताने धरू नका, शिकंजात पकडा. सोनेरी बिट घासला की टोकावरचा मुलामा जातो, त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. आणि भिंतीच्या बिटाचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, ते घरच्या करड्या चाकावर घासलं जात नाही, उगाच चाक खराब होतं.

घड्याळ

1901 मध्ये बेथलेहेमने टेलरला काढून टाकलं. वरिष्ठांशी त्याचं कधीच जमलं नव्हतं. पोलादाच्या पद्धतीचं पेटंटही 1909 मध्ये न्यायालयात रद्द झालं. मशेटच्या पोलादावर आधी झालेलं काम पाहता यात नवीन शोध नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मला हा निकाल जरा कडू वाटतो, पण टंगस्टन टेलरचं नव्हतं हे खरंच आहे.

त्याचा वेळ आता दुसऱ्याच गोष्टीत जात होता. पोलादावर चाललेली युक्ती माणसावर चालेल, अशी त्याची खात्री होती. एकेक हालचाल वेगळी करायची, घड्याळ लावायचं, फालतू हालचाल काढून टाकायची. बेथलेहेममध्ये कच्च्या लोखंडाच्या जड लगडी वॅगनमध्ये चढवणारा मजूर रोज साडेबारा टन चढवायचा, तो साडेसत्तेचाळीस टनांवर गेला आणि मजुरी 1.15 डॉलरची 1.85 झाली, ही गोष्ट तो भाषणांत रंगवून सांगायचा. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी काढल्या तेव्हा गोष्टीत बरंच मीठमसाला निघाला. नुसता साधा भागाकार केला तरी दिसतं की काम जवळजवळ चौपट झालं आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर. आज कामाच्या अ‍ॅपवर प्रत्येक मिनिटाचा हिशेब लागतो, तेव्हा हा भागाकार आठवायला हरकत नाही.

बिटाची धार गेली तर तो बदलता येतो. माणसाच्या बाबतीत आठवा घात कुठे लागतो, याचे प्रयोग टेलरने तितक्या बारकाईने केले नाहीत. ऑगस्ट 1911 मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात साचे बनवणाऱ्या कामगारांमागे घड्याळ घेऊन माणूस उभा केला, आणि ते सगळे काम सोडून बाहेर पडले. अमेरिकन संसदेने चौकशी समिती नेमली. त्याच वर्षी टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं होतं. 1912 च्या जानेवारीत तो समितीसमोर चार दिवस बसला. उलटतपासणी इतकी झोंबरी होती की तो अनेकदा चिडला. आपण कामगारांच्या भल्याचंच करतोय, हे त्याला शेवटपर्यंत मनापासून वाटत होतं. हेच लोक आपला इतका तिरस्कार का करतात, ते मात्र त्याला मिडव्हेलमध्ये कळलं तेवढंच कळलं होतं.

1915 च्या लष्करी खर्चाच्या कायद्यात संसदेने कलम घातलं. सरकारी कारखान्यांत कामगारामागे स्टॉपवॉच लावण्यावर हा पैसा खर्च करायचा नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये टेलर फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात न्यूमोनियाने आजारी होता. 20 तारखेला त्याला 59 वर्षं पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास नर्सला त्याच्या खोलीतून घड्याळाला किल्ली देण्याचा आवाज आला, असं त्याच्या चरित्रात नोंदवलं आहे. अर्ध्या तासाने ती आत गेली तेव्हा तो गेलेला होता.